केसपेपर कोण वाचतं?

सरकारी दवाखान्यात गेलं की मराठी माणूस आधी केसपेपर काढतो. खिडकीपाशी रांग, नाव, वय, गाव, आणि हातात एक पातळ कागद. तो कागद मग टेबलामागून टेबल फिरतो, प्रत्येक टेबलावर त्यात दोन ओळींची भर पडते. माणूस भरती झाला तर ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर तक्ता, औषधांचा कागद, सिस्टरच्या नोंदी असं एकेक त्याला जोडलं जातं आणि डिस्चार्जनंतर तो गठ्ठा सुतळीनं बांधून रेकॉर्ड रूममध्ये जाऊन पडतो. तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सरकारी इस्पितळात त्या पहिल्या कागदाला सीट्टु म्हणतात. पुढचा प्रवास तोच. लिहिणारे हात दहा-बारा, वाचणारा एखादाच, आणि तोही बहुतेक वेळा कोर्टाचं समन्स आल्यावर. डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक यांनी सतत वाचत राहिलं पाहिजे हे सगळेच म्हणतात, आणि म्हणताना डोळ्यांपुढे असतात ती जाडजूड पुस्तकं आणि इंग्रजी जर्नलं. माझं म्हणणं असं, की माणसं सांभाळणाऱ्यांचं व्यावसायिक वाचन या गठ्ठ्यापासून सुरू व्हावं, आणि पुस्तकाकडे जायचं ते गठ्ठ्यानं उभा केलेला प्रश्न हातात घेऊन.

कुंभकोणमचं नाव उगाच घेतलेलं नाही. या गावात आजही घरात तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते इथंच. आणि इथून चाळीसेक किलोमीटरवर तंजावर आहे, जिथं एका मराठी राजानं वैद्यकीय वाचनाचा एक पुरा घाट घालून दाखवला होता. सरफोजीराजे दुसरे १७९८ मध्ये गादीवर आले आणि १७९९ च्या तहात ईस्ट इंडिया कंपनीनं राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे उरला किल्ला, तनखा आणि सवड. ही सवड त्यांनी पुस्तकांत घातली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या युरोपीय ग्रंथांवर त्यांची इंग्रजी सही आजही दिसते, आणि त्यांत शरीरशास्त्र आणि वैद्यकाचे ग्रंथही आहेत. पण पुस्तकं जमवणारे राजे पुष्कळ झाले. सरफोजींचं वेगळेपण त्यांच्या धन्वंतरी महाल या दवाखान्यात आहे. तिथं आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा चारही पद्धतींचे वैद्य एका छपराखाली काम करत होते. नेत्ररुग्णांचे कागद इंग्रजीत लिहून ठेवले जात, आणि सोबत चित्रकारांनी काढलेली रोगी डोळ्यांची रंगीत चित्रं असत. वापरून पाहिलेले उपचार तमिळ कवींकडून पद्यात बांधून घेतले गेले. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावानं ती पद्यं पुढं छापलीही गेली. शरभेंद्र म्हणजे सरफोजीच.

राजाच्या हौसेचं कौतुक इथं दुय्यम आहे. पाहण्यासारखा आहे तो त्या कामाचा क्रम. बाहेरचं पुस्तक आलं, त्याच्याशेजारी इथल्या रुग्णाचा कागद ठेवला गेला, आणि दोन्हींतून निघालेलं शहाणपण ज्या भाषेत वैद्य आणि रोगी बोलतात त्या भाषेत परत गेलं. दरबारची भाषा मराठी, दफ्तर मोडीत, तरी औषधाचं पद्य तमिळमध्ये, हा निर्णय साधा नव्हता. पद्य का, हेही उघड आहे: पोथी जवळ नसली तरी पाठ म्हणता येतं. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि संस्थान संपलं. पुस्तकं टिकली. ए. सी. बर्नेल या इंग्रज विद्वानानं १८८० मध्ये संस्कृत हस्तलिखितांची सूची छापली, १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांना खुलं झालं. मात्र पुस्तकाला रुग्णाच्या कागदाशी आणि कागदाला लोकांच्या बोलीशी जोडणारे दोन धागे तुटले ते तुटलेच. तेव्हापासून शिक्षण इंग्रजीत, रुग्ण आपल्या भाषेत, आणि मधे उभी राहून दिवसभर भाषांतर करणारी परिचारिका. ‘मनसु सरि इल्लै’ असं तमिळ बाई सांगते, आपल्याकडची म्हणते ‘जिवाची उलघाल होते’. त्यात नवऱ्याचं पिणं असेल, गेलेलं मूल असेल, खरं नैराश्यही असेल. कागदावर उतरतं ते ‘लो मूड’. हा कागद पुन्हा कुणी वाचला तर निदान एवढं तरी लक्षात येईल की गेल्या महिन्यात ‘लो मूड’वाल्या वीस बायका आल्या आणि त्यांतल्या एकीलाही पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

वाचनानं वागणं बदलतं का, असा रोखठोक प्रश्न कोणी विचारील. विचारावाच. छापील साहित्य वाटल्यानं डॉक्टर-परिचारिकांच्या कामात किती फरक पडतो हे वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यांत तपासलं गेलं आहे, आणि उत्तर वाचनप्रेमींना खट्टू करणारं आहे: फरक पडतो, पण अगदी थोडा. त्याच संस्थेच्या २०१२ च्या दुसऱ्या एका आढाव्यात १४० चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या. तिथं आरोग्य कर्मचाऱ्यांपुढे त्यांच्याच कामाची नोंद मोजून ठेवली होती. अपेक्षित वागणुकीत मध्यक वाढ निघाली सुमारे ४.३ टक्के गुणांची. आकडा लहान आहे, मी तो फुगवणार नाही. पण त्याच आढाव्यात हेही दिसतं की जिथं आधीचं काम कच्चं होतं, जिथं नोंद एखाद्या सहकाऱ्यानं किंवा वरिष्ठानं पुन्हापुन्हा, तोंडी आणि लेखी दाखवली, आणि पुढं काय करायचं हेही ठरलं, तिथं फरक जास्त पडला. म्हणजे पत्रकं वाटून जे साधत नाही त्यातलं काही आपलाच कागद चारचौघांत वाचून साधतं. गटात बसून नियतकालिकं वाचण्याची जर्नल क्लब नावाची जी चाल वैद्यकीय महाविद्यालयांत रूढ आहे ती डॉक्टर विल्यम ऑस्लर यांनी १८७५ मध्ये मॉन्ट्रियलला सुरू केली असं मानतात, आणि तिचं मूळ कारण भाबडं होतं: महागडी नियतकालिकं एकट्याला परवडत नव्हती. एकत्र बसण्याचा खरा लाभ किमतीपलीकडचा निघाला.

याचं मला पटलेलं उदाहरण गोव्याचं आहे. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ ही संस्था यांच्या कामात प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला मानसोपचाराची पदवी नसलेले स्थानिक समुपदेशक नेमले गेले. सहा ते आठ भेटींची एक साधी पद्धत होती. २०१७ च्या लॅन्सेटमध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी ही मदत मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचं नैराश्य ओसरलं होतं, नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्क्यांचं. या आकड्यांची चर्चा खूप झाली. त्यामागच्या एका गोष्टीची कमी झाली. हे समुपदेशक आपल्या भेटी ध्वनिमुद्रित करत आणि गटात बसून एकमेकांच्या भेटी ऐकत, ठरलेल्या मोजपट्टीवर त्यांना गुण देत. इथं रुग्ण गप्प बसला होता, तू का बोललास? इथं तिनं सासूचं नाव घेतलं, ते निसटलं. हे ऐकणं म्हणजे माझ्या लेखी वाचनच. ग्रंथ एवढाच की तो काल आपणच तयार केला. जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं १९७० मध्ये सुरू केलेल्या कामात गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्या नियमित एकत्र आणल्या, त्यांतल्या अनेकींना अक्षरओळख नव्हती, आणि तरी त्या बैठकीत आपल्या गावाची हकिकत मांडून चर्चा होई. व्यावसायिक वाचनासाठी पदवी लागते हा समज तिथंच निकालात निघाला होता.

आता या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप. आपलेच कागद वाचत बसलं तर आपल्याच चुका पक्क्या होतील. वीस वर्षांचा अनुभव म्हणजे कित्येकदा एकच चूक वीस वर्षं. हा आक्षेप खरा आहे, आणि कुंभकोणमच्याच दुःखाशेजारी ठेवून पाहिला की त्याची धार कळते. १६ जुलै २००४ ला इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरातून आग निघाली, शाकारलेल्या छपरानं ती पकडली आणि ९४ मुलं गेली. पाच महिन्यांनी, २६ डिसेंबरला, नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर त्सुनामीनं सहा हजारांहून अधिक माणसं नेली. अशा वेळी मदतीला धावणाऱ्याची पहिली ऊर्मी काय असते? बोलतं करा, रडू द्या, मन मोकळं होऊ द्या. आपली लोकसमजूतही तेच सांगते. पण १९९७ साली ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत, ज्यांना घटनेनंतर लगेच बसवून सगळं पुन्हा सांगायला लावलं त्यांच्यात तेरा महिन्यांनी आघातोत्तर विकार २६ टक्के निघाला, ज्यांना तसं बसवलं नाही त्यांच्यात ९ टक्के. त्या बैठकीनंतर अनेकांनी ती उपयोगी वाटल्याचं सांगितलं होतं! २००२ च्या कोक्रेन आढाव्यानंही अशा एकाच बैठकीच्या उपचाराला पाठिंबा दिला नाही. वॉर्डातल्या नोंदीत तेवढंच उतरलं असतं: ‘रुग्णाला बरं वाटलं’. तेरा महिन्यांनंतरचं सत्य कळायला कुणीतरी दूर बसून मोजावं लागतं, आणि ते मोजलेलं आपल्याला वाचावं लागतं. म्हणून बाहेरच्या पुस्तकाला पर्याय नाही, हे मी आनंदानं कबूल करतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका हेच शिकवते: जवळ राहा, गरज विचारा, बोलायची सक्ती करू नका. ती पुस्तिका पातळ आहे, आणि संकटात तेच बरं.

उलट बाजूही आहे. बाहेरचं पुस्तक एकट्यानं पुढं गेलं की त्याला इथलं काही दिसत नाही. कुंभकोणमजवळच्या तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामी मंदिरात मनाचं दुखणं घेऊन माणसं येतात. तमिळनाडूत अशी ठिकाणं कितीतरी. ६ ऑगस्ट २००१ ला एरवाडीत दर्ग्याच्या आश्रयानं चालणाऱ्या अशाच एका आसऱ्याला आग लागली, आणि साखळदंडांत बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. त्यानंतर देवस्थानांतलं सगळंच क्रूर, असं म्हणणं सोपं झालं. पण पुढच्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तमिळनाडूतल्याच एका मंदिराचा अभ्यास आला. तिथं राहिलेल्या ३१ जणांची लक्षणं औषधाशिवाय सुमारे २० टक्क्यांनी उतरली होती. तुलनेला दुसरा गट नव्हता, तेव्हा यावरून मंदिर औषध ठरत नाही. पण आसरा, रोजचं काम आणि आपल्याला कोणी हाकलत नाही ही खात्री यांचं काही मोल आहे, एवढा संशय घ्यायला तो पुरेसा आहे. एरवाडी आणि हा अभ्यास दोन्ही वाचलेली मनोविकार परिचारिका आलेल्या कुटुंबाला ‘देवळात का नेलंत?’ असं खेकसणार नाही. ती विचारील, तिथं बांधून ठेवत होते का, जेवण कोण देत होतं, झोप लागत होती का.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि इथं मला वाचनाचा उपदेश करणाऱ्यांचाच राग येतो. रात्रपाळीत चाळीस खाटांमागे दोन सिस्टर असतील तर त्यांना जर्नल वाचायला सांगणं ही थट्टा आहे. सरफोजींना सवड मिळाली ती राज्य गमावून. परिचारिकेनं काय गमवावं? परंतु काही वेळ आधीच कागदावर मंजूर आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या व्यवस्थेत नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १५० तासांचं सततचं शिक्षण अपेक्षित आहे. डॉक्टरांना महाराष्ट्रात पाच वर्षांत ३० श्रेयांक लागतात. हे तास बऱ्याचदा वातानुकूलित सभागृहात, स्लाइडींपुढे आणि जेवणाच्या कूपनासह खर्च होतात. त्यांतला निम्मा भाग ड्यूटीच्याच वेळात, आपल्याच वॉर्डातल्या दहा केसपेपरांभोवती बसून मोजायला काय हरकत आहे? हरकत एकच, आणि ती मोठी आहे: भीती. आपल्याकडे नोंद उघडली जाते ती कोणाला तरी धरायला. म्हणून ती धरता येऊ नये अशीच लिहिली जाते. कुठलाही तक्ता उघडा, श्वास मिनिटाला २०, सकाळी २०, दुपारी २०, शेजारच्या खाटेवरही २०, सगळं एकाच शाईत. खाली ‘वायटल्स स्टेबल’. हा कागद खोटा आहे हे लिहिणारीला ठाऊक असतं, इनचार्जला ठाऊक असतं. शिक्षेच्या फाइलीपासून हे वाचन वेगळं ठेवल्याशिवाय, म्हणजे बैठकीत निघालेली चूक चौकशीत वापरणार नाही असं लेखी दिल्याशिवाय, हा २० चा आकडा हलणार नाही.

आणि आता एक वाचक असा आला आहे की ज्याची व्यवस्थेनं तयारीच केलेली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २५ व्या कलमानं मनोरुग्णाला स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्क दिला. साखळी घालायला बंदी करणारा कायदा तोच. म्हणजे ‘लो मूड’ लिहिलेला कागद उद्या ज्याच्याविषयी लिहिला त्याच्याच हातात जाईल, त्याच्या आईच्या हातात जाईल. मग ‘ऐकत नाही’, ‘नाटक करतो’ असले शेरे लिहिताना पेन थोडं थबकेल, हा फायदा. पण कुंभकोणमच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेली आई तमिळ वाचते, आणि तिच्या हातातलं डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत आहे. गोळ्यांची नावं, रोगाचं नाव, सूचना, सगळं तिला परकं. त्या पानावर तिला वाचता येतं ते पुढच्या भेटीची तारीख, आणि ती तिनं बोटानं दोनदा गिरवून पाहिलेली असते.