ब्रीद

मराठी भक्तीच्या भाषेत ‘ब्रीद’ हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. देव सर्वशक्तिमान आहे एवढे सांगून आपल्या संतांचे समाधान होत नाही. तो दिलेल्या शब्दाला जागतो, हे सांगण्यात त्यांचा सारा जिव्हाळा असतो. म्हणूनच भक्त देवाशी भांडतो, रुसतो, ब्रीदावळीची आठवण देऊन त्याला लाजवितो. केवळ सामर्थ्यवान असलेल्याशी कोण भांडेल? जो वचनाने बांधला गेला आहे त्याच्याशीच भांडण मांडता येते.

ख्रिस्ती मंडळी ज्यास देवाचा ‘विश्वासूपणा’ म्हणतात, तो आमच्या समजुतीने हाच गुण. हा शब्द मात्र आपल्या कानांस प्रथम थोडा खटकतो. विश्वासू असतो तो चाकर. धन्याला कोणी विश्वासू म्हणत नाही. परंतु ज्या परंपरेत देव श्रीखंड्या होऊन नाथांच्या घरी पाणी भरतो आणि जनाबाईबरोबर दळावयास बसतो, त्या परंपरेच्या माणसाने या शब्दास अडखळण्याचे कारण नाही.

प्रश्न शब्दाचा नाहीच. देव ब्रीद खरोखर पाळतो काय, आणि पाळतो तर ते कोठे दिसते, हा प्रश्न आहे. सुकाळात तो कोणी विचारीत नाही. तो दुष्काळात विचारला जातो, आणि हळ्ळीखेडसारख्या गावाने तो पुष्कळदा विचारला असेल. बीदर जिल्ह्याच्या हुमनाबाद तालुक्यातले हे आपले हळ्ळीखेड बुद्रुक. कानडी, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा कानांवर पडणारा हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात आला. जवळच माणिकनगर आहे, जेथे श्रीमाणिकप्रभूंनी सकलमत संप्रदायाची गादी स्थापिली आणि १८६५ साली समाधी घेतली. पलीकडे बसवेश्वरांचे कल्याण आहे, आणि भीमेकाठी दत्तपादुकांचे गाणगापूर. इतक्या वाटा जेथे एकत्र येतात, तेथील वाचकांपुढे एका ख्रिस्ती स्त्रीच्या श्रद्धेचा विचार मांडण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

पण आधी आपल्या घरची कथा पाहू. दामाजीपंतांची कथा कोणास ठाऊक नाही? मंगळवेढ्याचे हे अधिकारी बीदरच्या बादशहाचे चाकर. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे अन्नावाचून तडफडताना पाहून त्यांनी सरकारी कोठारे लोकांस लुटविली. बादशहाने त्यांस पकडून आणण्याचा हुकूम दिला, आणि ते वाटेत असतानाच विठू महार नावाचा कोणी एक बीदरच्या दरबारात येऊन धान्याची सारी किंमत चुकती करून, पावती घेऊन गेला. कथेतला इतिहास किती, हा वाद संशोधकांनी घालावा. आम्हांस तिच्यातील दोन गोष्टी विचार करावयास लावतात. पहिली अशी की, दुष्काळात देवाने आकाशातून धान्य टाकले नाही. कोठाराची किल्ली दामाजीपंतांच्या कमरेला होती आणि ती त्यांनाच फिरवावी लागली. ब्रीद राखावयास देव आला तो त्यानंतर. दुसरी अशी की, तो आला तेव्हा त्याने असे रूप घेतले, ज्या रूपात त्याला त्याच्याच पंढरपूरच्या देवळात कोणी पाऊल टाकू दिले नसते. ते दार उघडण्यास १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. कथा गाणाऱ्यांनी हे नीट ऐकले होते काय, असा प्रश्न आम्हांस पडतो. आज या भागात जी ख्रिस्ती मंडळी आहेत, त्यांतील बरीचशी घराणी देवळाच्या पायरीवर अडविल्या गेलेल्या समाजांतून आलेली आहेत. हे आठवले म्हणजे विठू महाराची पावती जरा निराळी वाचावी लागते.

दामाजीपंतांनंतर सुमारे चार शतकांनी दक्षिणेत पुन्हा मोठा दुष्काळ पडला, आणि तोच प्रश्न एका चित्पावन कुटुंबाच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान पुराणिक. पत्नीस संस्कृत शिकविले म्हणून त्यांस लोकनिंदा सोसावी लागली. म्हणून त्यांनी पश्चिम घाटातील गंगामूळच्या रानात संसार थाटला, आणि तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. पुढे दानधर्मात आणि पाहुणचारात द्रव्य सरले. मग हे कुटुंब तीर्थातीर्थांच्या देवळांत पुराणे सांगत हिंडू लागले. शास्त्रांत सांगितलेले सर्व त्यांनी केले. उपास, जप, अनुष्ठाने, दक्षिणा यांत काही उणे ठेविले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातील त्या दुष्काळात उरलेसुरले विकून झाले, आणि अकरा दिवस पाणी, पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढावे लागले. वृद्ध शास्त्रीबोवांनी जलसमाधीचा निश्चय केला. तेव्हा मुलगा श्रीनिवास, ज्याने कधी हाताने काम केले नव्हते, तो मजुरी करावयास तयार झाला.

पुढचा प्रसंग रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेल्या आपल्या आत्मनिवेदनात आहे, आणि देवस्थानाशी नाते असलेल्या प्रत्येकाने तो एकदा वाचावा असा आहे. रानातून हे कुटुंब एका गावी पोहोचले आणि देवळात विसावले. देवळातील ब्राह्मणांनी त्यांस तेथे टिकू दिले नाही. तेव्हा गावाबाहेरच्या एका पडक्या, ओसाड देवळात, जेथे रात्री श्वापदेच वस्तीस येत, तेथे त्यांनी चार दिवस काढले. एका तरुण ब्राह्मणास दया आली आणि त्याने थोडे अन्न दिले. पण शास्त्रीबोवा तापाने गेले. थोड्याच काळात आई गेली, मग थोरली बहीणही गेली.

ज्यांनी आयुष्यभर देवळात बसून देवाच्या ब्रीदाच्या कथा सांगितल्या, त्यांस देवळातून उठविले गेले. येथे कोणी प्रारब्धाचे नाव घेईल. प्रारब्धाचा विचार स्वतःच्या दुःखाला लावला तर तो धीर देतो, हे आम्ही मान्य करतो. तोच दुसऱ्याच्या भुकेला लावला की दगड होतो. ‘देवाची इच्छा’ या ख्रिस्ती शब्दाचीही तीच गत आहे. तोही शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवला की तितकाच जड होतो. त्या गावात ब्रीद मोडले ते कोणी? आमच्या मते ते देवळाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांनी मोडले, आणि जेवढे राखले गेले तेवढे त्या एका अनाम तरुणाने राखले.

मृत्यूपूर्वी शास्त्रीबोवांनी धाकट्या मुलीस जवळ घेतले होते. तिला त्यांनी देवाच्या हाती सोपविले, आणि तू त्याचीच, जन्मभर त्याचीच सेवा कर, अशा अर्थाचे सांगितले. ही त्यांची शेवटची आज्ञा. ती ऐकणारी मुलगी त्या क्षणी उपाशी होती, आणि ज्याच्या हाती तिला दिले जात होते त्याचा हात कोठेही दिसत नव्हता.

त्यानंतर भाऊबहीण हिंदुस्थानभर पायी हिंडली; ही वाटचाल सुमारे चार हजार मैलांची झाली. झेलमच्या काठी थंडीपासून वाचण्यासाठी वाळूत थडग्यासारखे खड्डे खणून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्र काढली. जुनी श्रद्धा त्यांच्या मनातून या वाटेवरच निसटत गेली. १८७८ साली कलकत्त्यास पंडितांनी या तरुणीस ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, १८८१ साली मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीही गेले. १८८३ साली त्या वैद्यकी शिकावयास विलायतेस गेल्या आणि २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्यानंतर सारे सुरळीत झाले असते, तर या लेखाचे प्रयोजनच नव्हते. तसे झाले नाही. बहिरेपणामुळे वैद्यकीचा बेत सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांचा बाप्तिस्म्यापूर्वीच परदेशात दुःखद अंत झाला होता. ज्या ख्रिस्ती भगिनींनी आश्रय दिला, त्यांच्याशीही मतभेद झाले, कारण रमाबाई कोणाचे मत निमूटपणे गिळणाऱ्या नव्हत्या. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, संस्कृतात का नकोत, असे विचारणारी ही शिष्या होती, आणि शाकाहारही तिने सोडला नाही. दैवत बदलल्याने पानात जास्त वाढले जाते, असा हा हिशेब नव्हे. तसा हिशेब मांडणारे ख्रिस्ती उपदेशक असतात, जसे नवसाचा बाजार मांडणारे आपल्याकडेही असतात. रमाबाईंच्या चरित्रात दोघांनाही आधार सापडणार नाही.

१८८९ च्या ११ मार्चला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. त्यातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९३ साली वादळ उठले. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील असे आश्वासन होते. परंतु रमाबाई उघड्या दाराने प्रार्थना करीत आणि मुली तेथे जाऊन बसत. रानडे, भांडारकर यांच्यासारख्यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांचा रोष अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. आश्वासन हे आश्वासन असते, आणि ब्रीदावर लिहिणाऱ्याने ते विसरू नये. पण त्या दाराविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. ज्या बालविधवांस शिकवावयास आपल्यातले फारसे कोणी पुढे येत नव्हते, त्या तेथे गेल्या तेव्हा ते दार उघडे होते. आपली दारे बंद ठेवून दुसऱ्याचे दार उघडे का, असे विचारण्याचा अधिकार किती उरतो?

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपासमारीच्या वार्ता आल्या. रमाबाई स्वतः तेथे गेल्या. उपाशी मुली पाहताना त्यांस आपले पूर्वीचे दिवस आठवले असतील, हे सांगावयास नको. सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया घेऊन त्या परतल्या, आणि केडगाव येथे घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. अमेरिकेतील मदतमंडळाने दहा वर्षांपुरता दिलेला शब्दही याच सुमारास संपत होता. अशा वेळी कोणीही माणसे मोजून घेतली असती. रमाबाईंनी माणसे वाढविली. १९०० च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तर मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. ब्रिस्टल येथे कोणाकडे हात न पसरता अनाथालये चालविणाऱ्या जॉर्ज म्यूलरचे चरित्र त्यांनी वाचले होते, आणि त्याच भरवशावर त्या चालल्या. मात्र भरवसा ठेवून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. शेती, गुरे, तेलघाणा, विणकाम, छापखाना, अंध स्त्रियांचे शिक्षण असे सारे तेथे उभे राहिले. पडक्या देवळात आसरा घेतलेल्या त्या मुलीने भुकेल्यांसाठी हे एवढे छप्पर बांधले.

अनंतशास्त्र्यांची ती शेवटची आज्ञा वाया गेली काय? रमाबाईंनी तिची आठवण तीस वर्षांहून अधिक काळ जपली आणि आपल्या निवेदनात ती आदराने लिहून ठेवली. शास्त्रीबोवांस ख्रिस्त ठाऊक नव्हता. त्यांनी मुलगी ज्याच्या हाती दिली, त्याचे नाव त्यांच्या ओठांवर निराळे होते. तरीही तिला कोणीतरी सोडले नाही, असे तिचे चरित्र वाचताना आम्हांस वाटते. दुःख टळले नाही, पण ती मात्र हरवली नाही.

येथे सकलमताच्या छायेत वाढलेल्या वाचकास चटकन् म्हणावेसे वाटेल की, देव एकच, नावे निराळी, प्रश्न मिटला. इतक्या लवकर तो मिटवू नये, अशी आमची विनंती आहे. रमाबाईंस हे म्हणणे पटले नसते. ख्रिस्ताशिवाय दुसरा आधार नाही, असे त्या निश्चयाने मानीत, आणि त्या निश्चयाची किंमत त्यांनी आप्त, मित्र, लौकिक यांच्या रूपाने मोजली होती. त्यांचा निश्चय गोड बोलून आपल्यात विरघळवून टाकणे हा आदर नव्हे. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते मानीत, आणि अभंगांतून ख्रिस्ताला आळवीत. त्यांस समजून घेणे आपल्याला सोपे जाते, कारण चाल ओळखीची असते. रमाबाई सोप्या नाहीत. त्या मागे वळून पाहतात तेव्हा आपल्या देवळाची पायरी दाखवितात.

मुक्तीचे हात आपल्या मुलखापर्यंतही आले होते. मनोरमाबाई आईच्या उजव्या हात झाल्या होत्या. १९१२ च्या सुमारास या मायलेकींनी गुलबर्गा येथे, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, ख्रिस्ती शाळा काढली. निजामाच्या राज्यातला हा मागासलेला भाग. शिक्षणाची सोय तुटपुंजी. दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या भाषेच्या लोकांत जाऊन शाळा उभारण्याची त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या, वयाच्या चाळिसाव्या वर्षी. आईवडील, बहीण, भाऊ, पती यांच्यामागून राहिलेले हे एकच माणूस होते, आणि संस्थेचा भार तिच्यावर ठेवून डोळे मिटावेत असा आईचा मानस होता. या आघातानंतर रमाबाईंनी काय केले? हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून त्या कित्येक वर्षे बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. साध्या खेडवळ बाईसही कळेल असे मराठी त्यांस हवे होते. ते काम त्यांनी पुढे चालू ठेविले. ऐकू येत नव्हते, प्रकृती खचली होती, तरी तपासणीचे कागद त्या हातावेगळे करीत राहिल्या. शेवटची मुद्रिते तपासून होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी प्रार्थना त्यांनी केली होती, अशी आठवण मुक्तीत सांगितली जाते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला. त्याचे खिळे जुळविण्याचे आणि पाने छापण्याचे काम मुक्तीच्या छापखान्यात, तेथेच लिहावयास शिकलेल्या स्त्रियांनी केले.