छपराचा हिशेब आणि जमिनीचा प्रश्न

ईव्ही हबची चित्रं हल्ली एकाच हाताने काढल्यासारखी दिसतात. पाकळ्यांसारखं उमललेलं छप्पर, त्यावर सौर पॅनेल, भिंतीला टांगलेली बाग, खाली चार चकचकीत बस आणि प्रवासी इतके तुरळक की स्वारगेटला कधी ताटकळलेल्या माणसाला हसू यावं. विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत हेच, महापालिकांच्या सादरीकरणांतही हेच. चर्चा रंगते ती पॅनेल किती किलोवॉटची, हरित मानांकन कोणत्या दर्जाचं आणि बांबू वापरता येईल का, एवढ्यावरच. विजेच्या बससाठी इमारत बांधायची म्हणजे नेमकं काय बदलतं, हे विचारायला कुणाला सवड नाही.

विजेवरची सार्वजनिक वाहतूक मुंबईला नवी नव्हे. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, आणि ती चालवणारी कंपनीच शहराला वीज विकत होती. १९६४ मध्ये ट्राम गेली. डिझेलच्या काळात आगार हा नकोसा शेजारी ठरला: धूर, घरघर, तेलाचे ओघळ. ते सगळं आता जातं आहे, पण आगार लांबच बरं ही समजूत जात नाही.

बॅटरी बदलण्याची केंद्रं आली की आगारं लागणारच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी बारा मीटर बसच्या बॅटऱ्या एकदा जवळून पाहाव्यात. मेट्रो आली, आता बस कशाला, असं विचारणारे मेट्रो स्थानकापर्यंत बहुधा स्वतःच्या मोटारीने जातात. या दोघांवर जास्त शाई खर्चण्याचं कारण नाही. ‘सौर छपरामुळे हब स्वयंपूर्ण होईल’ हा दावा मात्र असा झटकता येत नाही, कारण तो आकड्यांत बोलतो. तर आकडेच मांडू.

वळायची-सरकायची जागा धरली तर एक बस आगारात साधारण १०० चौरस मीटर जमीन अडवते. तेवढ्या छपरावर ढोबळमानाने १० किलोवॉटची पॅनेल बसतात आणि वर्षाची सरासरी काढली तर आपल्या उन्हात दिवसाला ४० युनिटच्या आसपास देतात. बस दिवसाला २०० किलोमीटर धावली आणि किलोमीटरला सव्वा युनिट लागलं, तर तिची गरज २५० युनिटची. छप्पर जेमतेम सहावा हिस्सा भागवतं. पॅनेल सुधारतील, असं उत्तर येतं. सुधारू देत. दीडपट झाली तरी पाव हिस्सासुद्धा भरत नाही. शिवाय ऊन असतं तेव्हा बस रस्त्यावर असते, आणि ती आगारात परतते तेव्हा रात्र झालेली असते. नेट मीटरिंगने हे वहीत जुळतं, मान्य. पण वहीतच जुळवायचं असेल तर पॅनेल शाळेच्या किंवा गोदामाच्या छपरावर का नकोत? त्यासाठी आगाराला शाश्वत वास्तूचा मान कशाला?

आता शहरातली जागा महाग म्हणून हेच आगार १५ किलोमीटर बाहेर नेलं असं समजा. बस सकाळी रिकामी येणार, रात्री रिकामी जाणार. ३० किलोमीटर, सुमारे ३८ युनिट. परिवहनातली माणसं यांना डेड किलोमीटर म्हणतात. छपराने दिवसभर कमावलेलं जवळजवळ सगळं बस एकही प्रवासी न नेता उडवते, आणि चित्रात छप्पर मात्र झळकत राहतं. पुण्यात २०१९ मध्ये ई-बस आल्या त्या भेकराईनगर आणि निगडी या आगारांत, म्हणजे शहराच्या दोन टोकांना. तिथून मार्गही सुटतात, त्यामुळे त्या निवडीला सरसकट दोष देता येणार नाही. पण मधल्या शहराचं काय, हा प्रश्न उरतोच.

सौर छपराच्या कैवाऱ्यांकडे एक चांगला मुद्दा आहे, जो ते स्वतः क्वचितच मांडतात. सकाळची गर्दी ओसरल्यावर, अकरा ते चारच्या दरम्यान, बऱ्याच बस फेरीविना राहू शकतात. नेमकं तेव्हाच छप्पर तापलेलं असतं. आगार मार्गालगत असेल तर बस तासभर येऊन तीच वीज भरून जाईल; १५ किलोमीटरवर असेल तर कोण येतंय? म्हणजे छपराची किंमतसुद्धा जमीनच ठरवते. हे कबूल केलं तर माझं त्यांच्याशी भांडण नाही. अडचण इतकीच की छप्पर निविदा काढून विकत घेता येतं, जमीन मात्र वर्षानुवर्षं राखावी लागते.

म्हणून या विषयातल्या प्रश्नांचे मी दोनच ढीग करतो: छपराचे आणि जमिनीचे. पॅनेल, बाग, बांबू, काच हे सगळं पहिल्या ढिगात. ते चुकलं तर दहा-पंधरा वर्षांत बदलता येतं. दुसऱ्या ढिगात ज्याची चर्चाच होत नाही ते. शंभर बस रात्रीच्या सहा तासांत भरायच्या तर मागणी चार मेगावॉटच्या घरात जाते. त्यासाठी उच्चदाब जोडणी हवी, ट्रान्सफॉर्मरना जागा हवी आणि त्यांचं जोतं उंच हवं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते शहर जोत्याचा प्रश्न शोभेचा मानू शकत नाही.

बेस्टच्या कुर्ला, माहीम यांसारख्या आगारांच्या जमिनी विकासकांना दिल्या गेल्या, तेव्हा वाद झाला तो प्रामुख्याने पैशांचा. आगारावर इमारत उठवूच नये, असं माझं म्हणणं नाही. उलट, धूर नसलेल्या बसमुळे ते आता अधिक सुसह्य झालं आहे; पॅरिसमध्ये लान्यीच्या आगाराच्या जागेवरच कार्यालयं, शाळा आणि पाळणाघर आहे. मात्र त्याच पॅरिसमध्ये २०२२ साली दोन ई-बस पेटल्यावर तिथल्या परिवहन संस्थेने त्या बनावटीच्या १४९ बस काही काळ रस्त्यावरून काढल्या होत्या. बसमधलं अंतर, आग अडवणाऱ्या भिंती, पेटलेली बस बाहेर ओढायची वाट यांना जागा लागते, आणि ती इमारत उभी राहिल्यावर सापडत नाही. विकासकाशी करार होतानाच तळमजल्याची उंची, बसचं वळण, उपकेंद्राची खोली आणि हो, महिला वाहकांची स्वच्छतागृहंही (एकाही चित्रात मला ती दिसलेली नाहीत) लिहून घ्यावी लागतात. विक्रीयोग्य क्षेत्रफळ घटतं अशी तक्रार येईल, आणि ती खरीही असेल. तिच्यावर निर्णय देताना महापालिकेने छपरावरचे किलोवॉट मोजत बसू नये. तेच आगार शहराबाहेर गेलं तर रोज किती किलोमीटर बस रिकाम्या धावतील, तो आकडा आधी मागवावा.