भावांची गायन पार्टी

दरवर्षी १४ जानेवारीला छत्रपती संभाजीनगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या गेटसमोर माणसांचा पूर लोटतो. नामांतराचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला. नाव प्रत्यक्षात यायला १९९४ची १४ जानेवारी उजाडावी लागली. मधल्या काळात मराठवाड्यात वस्त्या जळल्या, मोर्चे निघाले, माणसं गेली. ते स्मरण मनात घेऊन लोक खेड्यापाड्यांतून येतात, गेटपुढे माथा टेकवतात, पुस्तकं विकत घेतात आणि मग भीमगीतं ऐकत थांबतात.

अशा गाण्यांच्या मंचावर नजर फक्त गायकावर ठेवू नये. पेटीवाला, ढोलकीवाला आणि कोरसला बसलेले दोघंतिघं यांच्याकडेही पाहावं. अनेकदा चेहऱ्यांची ठेवण सारखीच निघते. भाऊ, चुलतभाऊ, एखादा मेहुणा. समोर लाल पुठ्ठ्याची वही उघडी. गायक डाव्या हाताने पान उलटतो तोवर धाकट्याने ध्रुवपद उचललेलं असतं. त्याला खूण करावी लागत नाही. श्रोता उठून पेटीवर दहाची नोट ठेवतो, गायक त्याचं नाव माइकवर घेतो, आणि कडवं पुन्हा सुरू होतं.

सख्ख्या भावंडांनी स्वतंत्र बँड काढला की आज त्याची बातमी होते. व्हायलाच हवी. पण आंबेडकरी वस्त्यांत हा प्रकार गेल्या तीन पिढ्यांचा आहे. तिथे त्याला गायन पार्टी म्हणतात, आणि संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी तिला बँड म्हणून कधी मोजलं नाही. ही मोजणी आता व्हायला हवी.

सगळ्यात ठळक उदाहरण शिंदे घराण्याचं. प्रल्हाद शिंदे (१९३३–२००४) यांच्या आवाजात पंढरीची वाट चालणारे वारकरी जितके रमले, तितकीच बाबासाहेबांची लेकरंही रमली. भक्तिगीत, भीमगीत, कव्वाली हे सगळं एकाच गळ्यातून. त्यांची मुलं आनंद, मिलिंद आणि दिनकर गाण्यातच उतरली. ऐंशीच्या दशकात आनंद आणि मिलिंद यांची कॅसेट जत्रेत, लग्नात, रिक्षात, एसटी स्टँडवरच्या टपरीत वाजत होती. ‘नवीन पोपट हा’ माहीत नाही असं गाव सापडणं कठीण होतं.

यामागचं कारण नुसत्या लोकप्रियतेचं नाही, यंत्राचंही आहे. तबकड्यांच्या काळात काय छापायचं हे एक मोठी कंपनी ठरवत असे. कॅसेट आली आणि थोड्या भांडवलात गाणं बाजारात जाऊ लागलं. अमेरिकी अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ या १९९३च्या पुस्तकात उत्तर भारतातला हा बदल सविस्तर मांडला आहे. महाराष्ट्रात त्याचा फायदा उचलायला घरच्या पार्ट्या तयारच होत्या. वाद्यं घरात, तालीम घरात, कोरसचा पगार नाही. सुपारी मोठी मिळाली तर वाटणी, बुडाली तर सगळ्यांनी मिळून सोसायचं. रेडिओच्या स्वरपरीक्षेत, सभेच्या आमंत्रणपत्रिकेत किंवा सिनेमाच्या स्टुडिओत ज्यांना सहज शिरकाव नव्हता, त्यांना स्वतःच्या गाण्यावर हुकमत मिळाली ती या भावकीच्या बळावर. हे स्वातंत्र्य कुटुंबापासून फारकत घेऊन आलेलं नाही, कुटुंबाच्या खांद्यावर बसून आलं.

मंगेशकर भावंडांची गोष्ट याहून वेगळी आहे. त्यांचे वडील दीनानाथ यांनी १९१८ मध्ये सोबत्यांसह बळवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली होती, पण १९४२ मध्ये ते गेल्यावर मुलांनी वाट धरली ती सिनेसृष्टीची, आणि तिथे प्रत्येकाला आपापलं नाव कमवावं लागलं.

भाऊ एकत्र असले म्हणजे नाव आपलं राहीलच, असंही नाही. अमेरिकेतल्या जॅक्सन भावांनी १९७५ मध्ये मोटाऊन कंपनी सोडली तेव्हा ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नाव कंपनीकडेच राहिलं. त्यांना ‘द जॅक्सन्स’ व्हावं लागलं. त्यांच्यातला जर्मेन मात्र मागेच राहिला. कंपनीच्या मालकाची मुलगी त्याची बायको होती. गायन पार्टीचं नाव बहुधा आडनावच असतं, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. गाण्याचे हक्क मात्र जातात. थोड्याशा रकमेवर सही करून आयुष्यभराची गाणी देऊन टाकलेले कलावंत या क्षेत्रात थोडेथोडके नाहीत, आणि भावाभावांत कागद करायचा कशाला, या भिडेने पुढच्या पिढीचं नुकसान होतं.

आनंद शिंदे यांची मुलं आदर्श आणि उत्कर्ष आता एकत्र काम करतात. उत्कर्ष डॉक्टर आहेत. शिकलेली पिढीही घरचं गाणं सोडत नाही, याचा आनंद मोठा आहे.

प्रश्न आहे तो बहिणींचा. पार्टीत भाऊ असतात, मग त्याच घरात तोच सूर ऐकत वाढलेल्या मुली कुठे जातात? कव्वालीच्या सामन्यात गायिका असते, पण ती बहुतेकदा दुसऱ्या पार्टीची, समोरची. रात्रीचे कार्यक्रम, दूरचे प्रवास आणि लग्नानंतर बदललेलं घर या तिन्हींनी बहिणीचं नाव फलकावर येऊ दिलं नाही.

छत्रपती संभाजीनगरच्याच कडूबाई खरात यांनी एकतारीवर भीमगीतं गायली. गाणं त्यांना वडिलांकडून मिळालं. पतीच्या निधनानंतर पोट भरण्यासाठी त्या दारोदार गात राहिल्या. मग कोणाच्या तरी मोबाइलमधून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर गेला. मागे कोरस नाही, ढोलकी नाही, वहीचं पान उलटायला भाऊ नाही. एक तार आणि त्यावर चढणारा खणखणीत गळा. तो आवाज ऐकून ज्या घरांतल्या मुली गाऊ पाहतात, त्या घरांनी पेटीशेजारची जागा त्यांच्यासाठी मोकळी करावी, आणि सुपारीच्या वाटणीत त्यांचा हिस्साही धरावा.