दुर्मीळ फुलाचा मालक कोण?



अलीकडे आपल्या धर्मग्रामातील अनेक घरांच्या ओट्यांवर व गॅलरीत ऑर्किडच्या कुंड्या दिसू लागल्या आहेत. ही हौस चांगली आहे. नारळाची सोडणे, कोळसा, विटांचे तुकडे यांत मुळे मोकळी ठेवावी लागतात, पाणी बेताने द्यावे लागते आणि फुलाची वाट पाहावी लागते. उतावळ्या माणसाचे हे कामच नव्हे.

परंतु हौस वाढली की साध्या ऑर्किडवर मन भरत नाही. कोणाकडे नाही असे, खास जंगलातून आणलेले झाड हवेसे वाटते. येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो: दुर्मीळ वस्तू आपल्या घरी असावी, ही इच्छा निर्दोष असते का?

१८५० साली जोसेफ हूकर हे वनस्पतिशास्त्रज्ञ खासी टेकड्यांत हिंडत होते. तेथे निळ्या वांडाचे ऑर्किड बहरलेले होते. त्यांनी लंडनच्या क्यू उद्यानासाठी सात माणसांना उचलावी लागतील एवढी झाडे गोळा केली. त्यांपैकी फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोचली. हूकर दुष्ट नव्हते. त्यांचे फुलांवर प्रेम होते. तरीही झाडे मेली. व्हिएतनाममधील एका लेडीज स्लिपर ऑर्किडची ओळख जगाला १९९९ साली झाली आणि शौकिनांच्या मागणीमुळे काही वर्षांतच ते रानातून जवळजवळ नाहीसे झाले. दुर्मीळ म्हणून हवे, आणि हवे म्हणून अधिक दुर्मीळ, असे हे चक्र आहे.

निसर्गात ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसतो. योग्य बुरशीची सोबत मिळाली तरच ते रुजते आणि फूल यायला पुष्कळदा पाच-सात वर्षे लागतात. ओरबाडलेल्या झाडाची जागा सहज भरून येत नाही ती यामुळेच. मात्र १९२२ साली अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय हे बी रुजवून दाखवले. त्यामुळे आज प्रयोगशाळेत वाढवलेली सुंदर रोपे रोपवाटिकेत मिळतात.

आता स्वतःला विचारू या. रोपवाटिकेतले फूल तितकेच सुंदर असताना मला रानातलेच का हवे? शेजाऱ्याकडेही तेच झाड आले, तर माझा आनंद कमी होईल का? होत असेल, तर मला फूल आवडत नव्हते, इतरांकडे ते नसणे आवडत होते. प्रेम म्हणते, ‘तू असावेस.’ लोभ म्हणतो, ‘तू माझे असावेस.’ दोघांचा चेहरा सारखा दिसतो, म्हणूनच फसगत होते.

कोणी म्हणेल, “फादर, मी एक झाड घेतले तर काय बिघडले?” विकणाऱ्याला आपण एकटे भेटत नाही, त्याला गिऱ्हाईक भेटते, आणि तो पुन्हा रानात जातो. निळा वांडा व लेडीज स्लिपर यांना तर आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. आपल्या वाडीतला जुना आंबा तोडताना त्यावर सीतेची वेणी आढळली, तर गोष्ट वेगळी. ते बांडगूळ नव्हे. झाडाचा रस ते शोषत नाही, केवळ आधार घेते. ते फेकू नका, दुसऱ्या झाडाला बांधा. घेणे आणि वाचवणे यांत हाच फरक आहे.

संत थॉमस अक्वायनस शिकवतात की देवाचा चांगुलपणा एकाच प्राणिमात्रातून पूर्ण प्रकट होऊ शकत नाही, म्हणून त्याने नानाविध सृष्टी निर्माण केली. एक जात नष्ट होते, तेव्हा त्या चांगुलपणाची एक खूण पुसली जाते. परमेश्वराने आदामाला बागेत ठेवले ते मशागत व राखण करण्यासाठी. प्रभू येशूनेही शिष्यांना रानातील फुलांकडे पाहायला सांगितले. ती घरी आणायला सांगितले नाही.

तेव्हा ऑर्किड जरूर लावा. घेताना मात्र एवढे विचारा, “हे कोठून आले?” उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने परत या. रानात कोठेतरी ते फूल आपल्याला न दिसताही उमलेल, आणि त्याचा निर्माता त्याला पाहील.

प्रभू आपणा सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला,
धर्मगुरू