गुणांच्या तराजूत शाळा

छत्तीसगड सरकारने २०२५ मध्ये शाळांचे ‘युक्तियुक्तकरण’ केले. त्यात १०,४६३ शाळा आल्या. बहुतेक शाळा एकाच आवारातल्या होत्या, त्या एकत्र केल्या. पण १६६ शाळा दुसऱ्या ठिकाणच्या शाळेत मिसळायच्या होत्या. त्यासाठी निकष होता तो पटाचा आणि अंतराचा: गावात १० पेक्षा कमी मुले आणि १ किलोमीटरच्या आत दुसरी शाळा, शहरात ३० पेक्षा कमी मुले आणि ५०० मीटरच्या आत दुसरी शाळा. यात परीक्षेचे गुण कुठेच नाहीत. तरीही कोणती शाळा टिकावी याची चर्चा निघाली की, भिलाईत काय किंवा महाराष्ट्रात काय, कोणीतरी विचारतेच, ‘निकाल कसा लागतो?’ या प्रश्नाने शाळेला न्याय मिळतो का?

आधी हिशेब पाहू. पाचवीत आठ मुले आहेत. सात जणांना ६० गुण मिळाले. आठवा तापात पेपर देऊन आला, त्याला २०. वर्गाची सरासरी ५५. चाळीस मुलांच्या वर्गात हेच घडले असते तर सरासरी ५९ आली असती. शिकवणे तेच, मूल तेच, तापही तोच. लहान शाळेला मात्र तो पाचपट महाग पडला. आणि बंद होण्याची टांगती तलवार नेमकी लहान शाळांवरच असते.

दुसरी गोष्ट घराची. भिलाईत पोलाद कारखान्याने आखून वसवलेले सेक्टर आहेत, तशा खुर्सीपार आणि कॅम्पच्या दाट वस्त्याही आहेत. संध्याकाळी ज्याचा अभ्यास घेतला जातो ते मूल आणि जे धाकट्या भावंडाला सांभाळते ते मूल, दोघांच्या गुणांत शाळेबरोबर घरही मोजले जाते. नुसत्या सरासरीवरून त्यातला शाळेचा वाटा वेगळा काढता येत नाही.

तिसरी गोष्ट भीतीची. शिकागोत २०१३ मध्ये सुमारे ५० शाळा बंद झाल्या. त्या मुलांच्या गुणांना सर्वांत मोठा फटका बसला तो बंदीची घोषणा झाली त्याच वर्षी, असे शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांना आढळले. मुले तेव्हा अजून जुन्याच वर्गात बसत होती.

म्हणून प्रत्येक लहान शाळा काहीही करून चालूच ठेवावी, असे मात्र म्हणता येत नाही. युक्तियुक्तकरणाआधी छत्तीसगडमध्ये २१२ प्राथमिक शाळांत एकही शिक्षक नव्हता आणि ६,८७२ शाळांत एकच होता. एकाच शिक्षकाने पाच इयत्ता सांभाळायच्या, हाही मुलांवर अन्यायच आहे.

पोलाद कारखान्यात भट्टीतल्या रसाचा नमुना प्रयोगशाळेत जातो. कार्बन किती, गंधक किती हे कळते आणि पुढे काय करायचे ते ठरते. नमुना बिघडला म्हणून कोणी भट्टी विझवत नाही. गुणांचा उपयोगही असाच व्हावा: कोणाला वाचता येत नाही, कुठे आणखी एक शिक्षक हवा, हे कळण्यासाठी.

शाळा बंद करायचीच असेल, तर प्रश्न वेगळे विचारावे लागतील. नव्या शाळेत या मुलांना पुरेसे शिक्षक मिळतील का? भिलाईच्या मधून जी. ई. रोड आणि मुंबई–हावडा रेल्वेमार्ग जातात. नकाशावरचे ५०० मीटर सहा वर्षांच्या मुलीला कोणाचा हात धरून पार करावे लागतील? तिची शाळा दुसरीपेक्षा चार गुणांनी मागे आहे, एवढे सांगून यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर दिल्यासारखे होत नाही.