वूलन मिलच्या साचेवाल्याचा माग

मुंबईच्या इंडिया वूलन मिलमध्ये स्पिनिंग खात्यात साचेवाला म्हणून राबलेले गंगाराम कुशाजी सुर्वे मराठी वाचकाला ठाऊक आहेत ते मुलामुळे. १९२६ च्या सुमारास रस्त्यावर सापडलेले तान्हे मूल त्यांनी घरी आणले, पत्नी काशीबाईंसह वाढवले आणि शाळेत घालताना बापाच्या जागी स्वतःचे नाव लावले. हा मुलगा म्हणजे कवी नारायण सुर्वे. मुलाला कीर्ती मिळाली नसती, तर या कामगाराचा माग कोणत्या कागदांतून लागला असता?

त्या काळी गिरणीतली भरती तोंडी असे. गावचा, नात्यातला किंवा ओळखीचा माणूस जॉबरकडे घेऊन जाई आणि जॉबर त्याला साच्यावर उभा करी. कायम कामगाराचे नाव मस्टरवर चढे, त्याला तिकीट नंबर मिळे. बदली कामगार मात्र रोज सकाळी दारात उभा राही. काम मिळाले तर हजेरी, नाही तर माघारी. मस्टर ठेवले जाई ते पगाराच्या हिशेबासाठी. त्यात नाव, नंबर, खाते आणि भरलेले दिवस एवढेच असे. माणूस कुठला, घरी कोण, याच्याशी त्या वहीला कर्तव्य नव्हते.

१९३६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणात गावी परतले. जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले, असे सुर्वे यांच्या चरित्रात येते. हे वर्ष कागदांच्या दृष्टीने कळीचे आहे. कामगार राज्य विमा कायदा १९४८ चा, भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, तर उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. यांपैकी एकही तेव्हा नव्हता. त्यामुळे कायद्याने फंडाचे खाते नाही, विम्याचा क्रमांक नाही, वारसाचे नाव लिहिलेला फॉर्म नाही. ज्या पिढीला म्हातारपणाची तरतूद मिळाली नाही, तिची नोंदही राहिली नाही.

पुढच्या पिढीचे चित्र वेगळे आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याचा प्रश्न आला. मुंबईतील ५८ गिरण्यांत १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस यासाठी पात्र ठरले. पुरावा म्हणून ओळखपत्र, तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस प्रमाणपत्र, फंडाचा व राज्य विम्याचा (ईएसआयचा) क्रमांक, हजेरीपत्रक, लिव्ह रजिस्टर, पगारपावती असे कागद मागितले गेले. ट्रंकेच्या तळाशी पडलेल्या पिवळ्या चिठ्ठीवर घराचा हक्क अवलंबून राहिला.

गिरणीचे कागद संपले की गावाकडे वळावे लागते. सातबारावरचे नाव, फेरफारातील वारसनोंद, जन्म-मृत्यूचे रजिस्टर यांतून घराणे उलगडते. आयुष्यभर मुंबईत राहिलेला चाकरमानी कित्येकदा इथेच पहिल्यांदा आई-बाप, भाऊ, मुले यांच्यासह भेटतो. नोंदीत बायका त्या मानाने कमी दिसतात. त्यांचे नाव नवऱ्याच्या मृत्यूनंतर, वारस म्हणून वर येते.

शाळेच्या जनरल रजिस्टरची गोष्ट निराळी. विद्यार्थ्याचे नाव, जात, जन्मतारीख, जन्मगाव, दाखल झाल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिवस एका ओळीत येतो. ही नोंद तोंडी माहितीवर होई, त्यामुळे जन्मतारीख अंदाजाची असण्याचा संभव मोठा. तरी बापाचे नाव मुलाच्या मागे लागते ते इथूनच. नारायण सुर्वे यांना २००५ मध्ये जनस्थान पुरस्कार मिळाला. तो देणारे कुसुमाग्रज प्रतिष्ठान नाशिकचे.  साचेवाल्याचे आडनाव तिथवर पोचले, ते शाळेत घातलेल्या मुलामार्फत.

त्याच नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतले पहिल्या पिढीचे कामगारही आता निवृत्त झाले आहेत. त्यांची नेमणूकपत्रे, पगाराच्या स्लिपा, युनियनच्या पावत्या बऱ्याच घरांत अजून आहेत. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत घालू नयेत. प्रत्येक कागदामागे खाते, साल आणि गाव लिहून ठेवावे, आणि माणूस हयात आहे तोवर त्यालाच विचारून लिहावे.