अर्धं बॉनेट

भवानीच्या वेळी दुकानदार सगळ्यांत मऊ असतो, हे गिऱ्हाइकाला पक्कं ठाऊक असतं. पहिला माणूस रिकाम्या हाताने परत गेला तर दिवस तसाच जातो, ही समजूत तुळशीबागेतल्या गाळ्यावर जितकी आहे तितकीच गाड्या चमकवण्याच्या आमच्या धंद्यातही आहे. शटर वर करावं, देवाला उदबत्ती लावावी, प्रेशर वॉशरचा पाइप उलगडावा, तोवर कुणीतरी दारात येऊन उभं राहतं. "कोटिंगचे फायनल किती घ्याल?" गाडी अजून रस्त्यापलीकडेच उभी असते. ती कुठली, किती जुनी, उन्हात असते की झाडाखाली, यातलं काहीच बोलणं झालेलं नसतं. फायनल मात्र आधी हवं.

भवानी चुकायला नको म्हणून पुष्कळांच्या तोंडून तिथल्या तिथे एक उतरता आकडा निघतो. हा आकडा पुढे दिवसभर नडतो, असं माझं मत आहे. कारण दारात उभा असलेला माणूस भाव करतोय की शंका घेतोय, हे अजून कळलेलंच नसतं, आणि ही दोन अगदी वेगळी माणसं असतात.

भाव करणाऱ्याचं मन आधीच बसलेलं असतं. त्याला काम हवंच आहे; घरी गेल्यावर 'कमी करून घेतलं' असं सांगता आलं पाहिजे, एवढंच. त्याच्याशी दोन मिनिटं हसतखेळत ओढाताण करावी, मॅट धुऊन द्यावेत, डॅशबोर्डवरून हात फिरवून द्यावा. तोही खूश, आपणही खूश. मला अशी गिऱ्हाइकं आवडतात. घासाघीस ही आपल्याकडे ओळख करून घ्यायचीच एक रीत आहे, आणि जो अजिबात घासाघीस करत नाही त्याची मला उलट जरा धास्ती वाटते.

शंका घेणारा भावाकडे उशिरा येतो. आधी तो विचारतो, हे लावून नेमकं होतं काय? किती टिकतं? पावसाळ्यात चिखल उडाला तर? दसऱ्याला हळदकुंकू लावलं तर डाग धरतो का? आमची उत्तरं गुळगुळीत वाटली की शेवटी नाइलाजाने म्हणतो, "जरा महाग वाटतंय." हे शेवटचं वाक्य तेवढं आम्ही ऐकतो, त्याला भाव करणाऱ्यांत जमा करतो आणि १८ हजारांचे १४ करतो. त्याची शंका तिथे मिटायची सोडून दुप्पट होते. एका वाक्यासरशी चार हजार गळून पडत असतील, तर उरलेल्या चौदातले खरे किती? "घरी विचारून सांगतो," म्हणून तो जातो. आपण म्हणतो, चिक्कू होता.

त्याची शंका हवेतून आलेली नसते. ती आमच्याच धंद्याने त्याला लावलेली असते. नवी गाडी घेताना बिलात कुठलंसं कोटिंग जोडलेलं होतं; ते लावलं कधी, कुणी, दिसतं कुठे, हे त्याला आजवर समजलेलं नाही. मग कुणीतरी पॉलिश करून दिलं. गाडी ताब्यात घेताना आरसा झाली होती, दोन-तीनदा धुतल्यावर सगळे ओरखडे जागच्या जागी. ह्यात जादू काही नाही. काही पॉलिशांमध्ये तेलं आणि भराव घालणारे पदार्थ असतात. ते ओरखड्यात जाऊन बसतात आणि प्रकाश सारखा परततो म्हणून ओरखडा दिसत नाही. शाम्पूने ते धुऊन निघाले की गाडी पुन्हा जुनी. मग दहा वर्षांच्या गॅरंटीचं कार्ड. त्याच्या मागच्या बारीक अक्षरांत दर काही महिन्यांनी पैसे भरून 'मेंटेनन्स' करून घ्यायची अट, आणि एक वारी चुकली की गॅरंटी संपली.

आणि ते '९एच'. पुण्यातल्या अर्ध्या पाट्यांवर हा आकडा आहे. सांगणारा अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटतं, हिरा दहा, म्हणजे हे त्याच्या खालोखाल. हिऱ्याचा दहा हा मोहच्या खनिजांच्या मोजपट्टीवरचा. कोटिंगचा नऊ आहे पेन्सिलींच्या मोजपट्टीवरचा. ६बीपासून ९एचपर्यंतच्या पेन्सिली पृष्ठभागावर ठराविक दाबाने ओढून बघतात, कोणत्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते. ड्रॉइंगच्या तासाला ज्या वापरल्या, त्याच जातीच्या. चावी किंवा खडा ह्या परीक्षेला बांधील नाही. कोटिंगचा थर असतोही फार तर एक-दोन मायक्रॉनचा. त्याने पाणी घरंगळतं, धूळ कमी चिकटते, धुवायला सोपं जातं, पक्ष्याची घाण वेळेवर पुसली तर रंगापर्यंत पोचायला तिला वेळ लागतो. हे फायदे लहान नाहीत. पण एवढंच सांगितलं तर शेजारचा दहा वर्षं सांगतो, ही पंचाईत.

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या ह्या पंचाइतीवर निबंध लिहिला, आणि उदाहरण घेतलं ते जुन्या गाड्यांच्या बाजाराचं. विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडी द्यायला तिचा मालक तयार होत नाही, तो बाजारातून बाजूला होतो. उरतात त्या खोट असलेल्या गाड्या, आणि घेणाऱ्याचा संशय खरा ठरतो. २००१ मध्ये अॅकरलॉफना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आमच्या रस्त्यावर हेच पॉलिशचं होतं. दीड हजारात 'फुल बॉडी पॉलिश'ची पाटी लागली की दोन दिवस मशीन चालवणाऱ्याला एक तर गाशा गुंडाळावा लागतो, नाहीतर भरावाचं पॉलिश आणावं लागतं.

मग करायचं काय? माझ्या मते बोलणं थोडं आवरायचं आणि बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावायची.

मध्यंतरी एक निवृत्त काका आले होते. गडद निळी हॅचबॅक, सेकंडहँड घेतलेली. बॉनेट धुतलं, क्ले फिरवली आणि अर्ध्याच बाजूवर मशीन चालवलं. टेप काढली. हातातला एलईडी दिवा धरला तर डावीकडे त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळं, उजवीकडे नुसता दिवा. एरवी इथे लोक "वा!" म्हणतात. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बघितलं आणि विचारलं, "हे तेल तर नाही ना?"

प्रश्न अगदी बरोबर जागी लागला होता. आम्ही अल्कोहोल मिसळलेला स्प्रे मारून पुसून दाखवलं; भराव असेल तर त्याने निघून येतो आणि ओरखडे परत दिसतात. काका म्हणाले, "बाटली द्या इकडे." त्यांनी स्वतः मारला, स्वतः पुसला, पुन्हा दिवा धरायला लावला. मग म्हणाले, "ठीक आहे. आता हे करताना तुम्ही काढलंत काय?"

हे फार थोडे लोक विचारतात, आणि आम्ही आपण होऊन फार थोड्यांना सांगतो. ओरखडा जात नसतो. त्याच्या आजूबाजूचा थर खाली आणून त्याला सपाट करायचं असतं. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमरपासून वरच्या क्लिअर कोटपर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतात, काही गाड्यांवर त्याहूनही कमी. त्यातला क्लिअर कोट चाळीसेक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे ज्या थराच्या जिवावर गाडीची झळाळी आहे तो केसाएवढाही जाड नाही. कंपाउंडचा एक हात दोन-तीन मायक्रॉन नेतो. ही एक मुदत ठेव आहे, जिच्यातून फक्त काढता येतं, परत भरता येत नाही. म्हणून ज्या ओरखड्यात नख अडकतं तो तसाच ठेवावा. "हे दोन राहणार," असं मी काकांना बोट ठेवून दाखवलं, आणि माझ्या अनुभवात गिऱ्हाईक सैल होतं ते ह्या वाक्याला. काय जाणार नाही हे सांगणारा माणूस काय जाईल ते बहुधा खरं सांगत असेल, असा त्याचा हिशेब असावा.

थर मोजायचं मीटर दारांवर लावलं. पुढची दारं ११०, ११५. मागचं उजवं दार, २८०.

"एवढं कसं?"

आता इथे गप्प बसता येतं. ते आमचं काम नव्हे. पण आकडा त्यांनी पाहिला होता. दार पुन्हा रंगवलेलं आहे, एवढं सांगितलं. विकणाऱ्याने त्यांना 'गाडीला एकदाही रंग लागलेला नाही' असं छातीठोकपणे सांगितलं होतं म्हणे. काका थोडे उतरले. नुसत्या रंगावरून अपघात झाला असं होत नाही, पार्किंगमधला ओरखडाही असू शकतो, हेही सांगितलं, कारण तेही खरंच आहे.

मग पैशांवर आलो. त्यांची तयारी सहा हजारांची होती, कोटिंगचा आकडा त्याच्या तिप्पट. दर कमी करण्याचा प्रश्न मी येऊ दिला नाही. सहा हजारांत काय बसतं ते मांडलं : धुणं, क्ले, मशीनचा एकच हलका हात, वर काही महिने टिकणारं सीलंट. कोटिंग नाही. शिवाय विचारलं, गाडी रोज पुसतं कोण? उत्तर अपेक्षेप्रमाणेच होतं. सोसायटीतला पोरगा, पहाटे, एक बादली, एक फडकं. ह्या पोरांना बोल लावण्यात अर्थ नाही. लोक ऑफिसला निघायच्या आत त्यांना ओळीने सगळ्या गाड्या उरकायच्या असतात. पण रात्रभर बसलेल्या धुळीत दगडाची पूड असते, आणि तेच फडकं गाडीवरून गोल गोल फिरलं की दिव्याखाली दिसली ती वर्तुळं तयार होतात. असं पुसणं चालू राहणार असेल तर १८ हजारांचं कोटिंग कशाला? आधी दोन चांगली मायक्रोफायबर फडकी त्या पोराला आणून द्या, आठवड्यातून दोनदाच पण आधी भरपूर पाणी मारून पूस म्हणावं. कोटिंगचं नंतर बघू.

माझ्या मदतनिसाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात त्याचंही चूक नव्हतं. महिन्याचं भाडं फडक्यांच्या सल्ल्यावर निघत नाही, आणि असे सल्ले घेऊन परत न आलेले लोकही आहेतच. काहींनी आमच्याकडे अर्धं बॉनेट करून बघितलं आणि उरलेली गाडी दुसरीकडे स्वस्तात करून घेतली. त्याला इलाज नाही. दाखवण्याचा खर्च धंद्यात धरायचा, जसा पाण्याच्या टँकरचा धरतो.

काकांनी १८ टक्के जीएसटीसकट पक्कं बिल मागितलं. सगळ्या पॅनेलचे आकडे बिलाच्या मागे लिहायला लावले, पुढच्या वेळी त्याच जागी मोजून किती मायक्रॉन गेले ते बघणार म्हणून. सही घेतली. पाकीट काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं.

"आणि हे यंत्र बरोबर आहे कशावरून?"

मीटरबरोबर एक लोखंडी चकती आणि जाडी छापलेली प्लास्टिकची पातळ पट्टी येते, ती खणातून शोधून काढली. पट्टीवर १०० छापलं होतं. चकतीवर ठेवून मोजलं, १०१ आलं.

"एकाचा फरक आहे," काका म्हणाले. "तोही लिहा."